कलकत्त्याचे पाहुणे आणि उद्‌जन बाँब

१९५५ च्या नोव्हेंबरअखेर सोव्हिएट पंतप्रधान बुल्गानिन आणि पक्षप्रमुख ख्रुश्चेव्ह कलकत्त्यास आले, तेव्हा इतकी गर्दी लोटली की, उघड्या मोटारीतून पुढे जाणे अशक्य होऊन त्यांना पोलिसांच्या बंद गाडीत बसवावे लागले. महासत्तेच्या सूत्रधारांना असे वाहन क्वचितच लाभले असेल! दुसऱ्या दिवशी ब्रिगेड परेड मैदानावर, पंडित नेहरूंच्या उपस्थितीत, लाखोंच्या समुदायाने त्यांचा सत्कार केला.

हे पाहुणे भारतात असतानाच, २२ नोव्हेंबर रोजी, सेमिपालातिन्स्कच्या मैदानावर रशियाने विमानातून उद्‌जन बाँब टाकून पाहिला होता. त्याची शक्ती हिरोशिमावरील बाँबच्या शंभरपट होती. चार दिवसांनी बंगलोर येथे ख्रुश्चेव्ह यांनीच ती वार्ता सांगितली. आणि असे बाँब कोणत्याही नगरावर कधी पडू नयेत, युद्धखोरांच्या मनावर त्यांचे दडपण तेवढे राहावे, अशी पुस्ती जोडली. आण्विक धाकाच्या साऱ्या शास्त्राचे सार एवढेच आहे.

यजमानांचे मत निराळे होते. अमेरिकेच्या बिकिनी येथील स्फोटानंतर, २ एप्रिल १९५४ रोजी, नेहरूंनी असे प्रयोग तूर्त थांबवावेत अशी सूचना लोकसभेत मांडली होती. ती कोणीच मानली नाही. भारताला तर भिलाईचे पोलादही रशियाकडूनच हवे होते. पाहुण्यास जाब विचारणार कसा?

जो बाँब कोणावरही टाकावयाचा नव्हता, त्याच्या धक्क्याने दूरच्या खेड्यात घर कोसळून एक तीन वर्षांची मुलगी दगावली. खंदकात एक सैनिक गाडला गेला. मैदानावरील त्या लाखो लोकांना हे ठाऊक असण्याचा संभवच नव्हता. ती गोष्ट पुढे कित्येक वर्षे गुप्तच राहिली.