आईचे दूध : दाईपासून दूधपेढीपर्यंत

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत कोणी पाककृती देते, कोणी ओव्या देते, कोणी सहलीची हकीकत लिहिते. यंदा चिटणीसबाईंनी मजकडे इतिहासाचा विषय सोपविला. इतिहास म्हटला की राजे आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. त्यावर लिहिण्याइतके माझे सातवीपर्यंतचे शिक्षण पुरे पडणार नाही. पण ज्यावाचून कोणताही राजा वाढला नाही, त्या आईच्या दुधालाही इतिहास आहे, आणि तो आपणां बायकांनाच ठाऊक असावयास हवा.

आई जवळ नसताना तिच्या बाळाला तिचे दूध मिळावे कसे, हा प्रश्न फार जुना आहे. आपल्या रायगड जिल्ह्यातली हिरकणीची आख्यायिका घराघरांत सांगतात. गडावर दूध विकावयास गेलेली ही गवळण दरवाजे बंद झाल्यामुळे वरच अडकली, आणि खाली तान्हे बाळ भुकेले असेल म्हणून रात्रीच्या अंधारात कडा उतरून घरी गेली. आपण तिच्या धैर्याचे कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण तिला कडा का उतरावा लागला? कारण तिच्यावाचून तिचे दूध घरी पोचू शकत नव्हते. दूध आईपासून वेगळे होऊन बाळापर्यंत सुखरूप पोचण्यास जगाला पुढे पुष्कळ काळ लागला.

तोवर उपाय एकच होता, तो म्हणजे दुसरी बाई. कार्तिकेयाला सहा कृत्तिकांनी पाजले, कृष्णाला यशोदेने वाढविले, असे आपली पुराणे सांगतात. चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत धात्री, म्हणजे दूध पाजणारी दाई, कशी निवडावी हे लिहिलेले आहे. चांगले दूध पाण्यात टाकले असता एकजीव होते, अशी परीक्षाही तेथे सांगितली आहे. आमच्या सासूबाई सांगत की त्यांच्या वेळी भातलावणीच्या दिवसांत जावा-जावा एकमेकींची मुले पाजीत. एक घरी राही, बाकीच्या आवणावर जात. त्यात कोणाला काही विशेष वाटत नसे. मात्र हे घरातल्या घरात किंवा जातीतल्या जातीत चाले. पलीकडच्या वाडीतल्या ठाकूर-कातकरी बाईचे मूल आमच्या घरात कोणी पाजले, किंवा आमचे तिने पाजले, असे मी कधी ऐकले नाही. शिवाय बाळंतिणीचे पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, पिळून टाकावयाचे आणि बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवावयाचे, ही चालही पुष्कळ घरांत होती. आज डॉक्टर सांगतात की तो चीक म्हणजे बाळाची पहिली लसच होय.

पुढे डबे आले. १८६७ साली स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांनी दूध व पीठ यांपासून तान्ह्या मुलांचे अन्न बाजारात आणले. आपल्याकडे म्हशीचे दूध पुष्कळ, पण त्याची लहान मुलांसाठी पावडर करणे अवघड मानले जाई. म्हैसूरच्या संशोधन संस्थेने ती रीत शोधली आणि १९६० च्या सुमारास आणंदच्या अमूलने तसे डबे काढले. ज्या बाळाला आईच नाही, त्याला डब्याने आधार दिला, हे नाकारता येणार नाही. पण जिथे पाणी स्वच्छ नाही, बाटली उकळावयास जळण नाही आणि डबा पुरविण्यासाठी पावडर पातळ करावी लागते, तिथे तो डबा बाळाला हगवण देऊ लागला. म्हणून १९९२ साली आपल्या देशात कायदा झाला आणि तान्ह्या मुलांच्या डब्यांची व दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करण्यास बंदी आली.

आता दूध साठविण्याकडे वळू. साठवण म्हटली की थंडावा हवा, आणि थंडाव्याला वीज हवी. या बाबतीत आपल्या भागाचे नाव मोठे आहे. खोपोलीचे टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले आणि घाटमाथ्याच्या पाण्यावर तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना जाऊ लागली. गोदरेजचा पहिला शीतकपाट, ज्याला आपण फ्रीज म्हणतो, १९५८ साली निघाला. तो साध्या घरांत यावयास आणखी तीस-चाळीस वर्षे गेली. दुसऱ्या देशांत मात्र दूध साठविण्याचे काम आधीच सुरू झाले होते. १९०९ साली व्हिएन्ना शहरात एशेरिश नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी जगातली पहिली दूधपेढी काढली, आणि १९१० साली अमेरिकेत बोस्टन येथे दुसरी निघाली. १९३४ साली कॅनडात एका आईला एकाच वेळी पाच मुली झाल्या, त्याही दिवस पुरे होण्यापूर्वी. त्या पाचहीजणी जगल्या. त्यांच्यासाठी टोरांटोसारख्या दूरच्या शहरांतून अनोळखी आयांचे दूध आगगाडीने येत असे.

पुढे १९८० नंतर एड्सच्या रोगाची भीती पसरली. तो दुधातूनही जाऊ शकतो असे कळल्यावर पाश्चात्त्य देशांतील पुष्कळ दूधपेढ्या बंद पडल्या. नेमक्या त्याच सुमारास, १९८९ साली, मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी दूधपेढी सुरू केली. आशिया खंडातली ती पहिली मानतात. हे रुग्णालय धारावीला लागून आहे. तेथे येणाऱ्या बायका गरिबाघरच्या, आणि कमी दिवसांची, कमी वजनाची बाळे पुष्कळ. अशा बाळांना वरचे दूध दिले की संसर्ग होतो, आतड्यांना सूज येऊन ती सडू लागतात, आणि बाळ हातचे जाते. आपल्या आईला दूध आलेले नसेल तर दुसऱ्या आईचे द्यावे, पण ते तपासून आणि शुद्ध करून द्यावे, असा विचार डॉक्टरीणबाईंनी केला. पुढे त्या रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या, आणि १९९९ साली त्यांनी ‘स्नेहा’ ही संस्था काढून वस्त्यांतील आया व मुले यांचे काम हाती घेतले.

दूधपेढीचे काम असे चालते. जिला आपल्या बाळाला पाजून दूध उरते, अशी निरोगी आई दूध देते. एड्स, कावीळ, गरमी यांसाठी तिचे रक्त तपासलेले असते. हात धुऊन, स्वच्छ भांड्यात, हाताने किंवा पंपाने दूध काढतात. मग ते ६२.५ अंश सेंटिग्रेडवर ३० मिनिटे तापवितात आणि लगेच गार करतात. उकळत नाहीत, कारण उकळल्याने त्यातले रोगाशी लढणारे गुण फार जातात. जंतू राहिले नाहीत ना, याची तपासणी करून मग शून्याखाली २० अंशांवर ते गोठवितात. डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच ते बाळाला मिळते. देणारीला पैसे नाहीत आणि घेणारीला मोल नाही. निरनिराळ्या आयांचे दूध एकत्र करतात, त्यामुळे कोणते कोणाचे हे उरत नाही. बाटलीवर तारीख असते, जात नसते. जे आमच्या आळीला जमले नाही, ते या बाटलीने केले.

२०१७ साली केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांतील अशा केंद्रांसाठी नियम काढले. २०२४ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आईचे दूध विकावयाचे नाही, असे स्पष्ट बजावले. हेही योग्यच झाले. नाहीतर गरिबाघरच्या बाळाचे दूध श्रीमंताघरी गेले असते.

या गोष्टीकडे माझे लक्ष भाचीमुळे गेले. तिचे बाळ आठव्या महिन्यात झाले आणि त्याला नवी मुंबईच्या एका इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवावे लागले. ती खोपोलीला घरी, बाळ तिकडे. ती दर तीन तासांनी दूध काढी आणि तिचा नवरा बर्फाच्या डब्यात घालून रोज ते पोचवी. आळीतल्या दोघी-तिघी म्हणाल्या, "काढलेले दूध शिळे, ते का बाळाला घालतात?" त्यांचे ऐकले असते तर सारे दूध मोरीत गेले असते आणि बाळ डब्यावर राहिले असते. बाळ आज बालवाडीत जाते. पुढे भाची कामावर रुजू झाली, तेव्हा तिथे दूध काढावयास संडासावाचून जागा नव्हती. भगिनींनो, आपण आपले जेवण संडासात बसून शिजवू का?

म्हणून घरच्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेले नियम येथे देते. हात व भांडी साबणाने धुऊन भांडी उकळावी. एका वेळेला लागेल इतकेच, म्हणजे वाटीभराहून कमी, दूध एका डब्यात ठेवावे. गोठताना दूध फुगते, म्हणून डबा काठोकाठ भरू नये. वर तारीख लिहावी आणि जुने आधी वापरावे. गारव्याच्या दिवसांत बाहेर चार तास टिकते; आपल्या कर्जतच्या वैशाखात मात्र लगेच थंड जागी ठेवावे. फ्रीजमध्ये आतल्या बाजूस, दारात नव्हे, चार दिवस. एकाच दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे. वेगळ्या दाराच्या बर्फखणात सहा महिने.

गोठलेले दूध वितळवावयाचे तर रात्रभर फ्रीजच्या खालच्या भागात ठेवावे, किंवा डबा कोमट पाण्यात धरावा. गॅसवर ठेवू नये आणि मायक्रोवेव्हमध्ये तर नकोच. एके ठिकाणी ते कढते आणि बाळाचे तोंड पोळते. वर साय आली तर नासले असे नव्हे, डबा हलके फिरवावा. फ्रीजमध्ये वितळलेले दूध २४ तासांत आणि कोमट केलेले दोन तासांत संपवावे. पुन्हा गोठवू नये, आणि बाळाचे उष्टे उरलेले ठेवू नये. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडलेच बरे, कारण ते घासावयास सोपे. पावसाळ्यात वीज गेली तर फ्रीजचे दार उघडू नये, आतला गारवा काही तास टिकतो. इस्पितळातल्या नाजूक बाळासाठी मात्र तेथील डॉक्टर सांगतील तेच नियम पाळावे.

आपल्या कर्जत-खालापूरच्या पोरी पहाटेच्या लोकलने मुंबईला जातात, खोपोलीच्या कारखान्यांत पाळी करतात. एस.टी.च्या स्थानकांवर हिरकणी कक्ष झाले, हे चांगले झाले. पण ते उघडे व स्वच्छ आहेत का, हे पाहणारे कोणी हवे. ते काम आपले मंडळ करू शकते. दर बाळंतिणीला हे नियम कागदावर लिहून देता येतील. ज्या घरी फ्रीज नाही, तिथल्या आईसाठी फ्रीज असलेल्या शेजारणीने एक कोपरा मोकळा ठेवावा. आणि जिला दूध जास्त आहे व जिचे बाळंतपण मुंबईत होते, तिने तेथील दूधपेढीची चौकशी अवश्य करावी. कर्जतहून शीव काही फार लांब नाही. फास्ट लोकल मिळाली तर कुर्ल्याला गाडी बदलावी, इतकेच.