राम-आप्फेल आणि रामफळ

दसऱ्याच्या सुमारास दौलताबादच्या रस्त्याला लागलें म्हणजे दोन्ही बाजूंस सीताफळांच्या टोपल्या दिसूं लागतात. आमच्या छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंत, या फळाशीं ओळख नाहीं असें घर मिळावयाचें नाहीं. आणि त्याचें नांव ऐकून वनवासांतील सीतामाई न आठवणारें मराठी माणूसही विरळाच.

म्हणूनच जर्मन शिकणाऱ्या एका विद्यार्थ्यानें मध्यंतरीं मोठ्या हर्षानें एक शब्द माझ्यापुढें ठेवला, तेव्हां मला त्याचें नवल वाटलें नाहीं. जर्मन लोक या फळास 'राम-आप्फेल' म्हणतात. 'आप्फेल' म्हणजे सफरचंद. तेव्हां हें आपलें रामफळच नव्हे काय, असा त्याचा प्रश्न.

दुर्दैवानें जर्मन भाषेंतील 'राम' म्हणजे दुधावरची साय. मध्ययुगीन जर्मनमध्यें त्याच शब्दाचें रूप 'रोउम' असें होतें. म्हणजे जों जों मागें जावें तों तों श्रीरामाशीं असलेलें साम्य नाहींसें होतें. पांढऱ्या मऊ गरावरून त्या लोकांस साय आठवली, इंग्रजांस कस्टर्ड आठवलें, इतकाच त्याचा अर्थ. शिवाय हें जर्मन नांव सीताफळाचें आहे, रामफळाचें नव्हे!

विद्यार्थी हिरमुसला. त्यांत त्यास आणखी अप्रिय गोष्ट सांगावी लागली. सीताफळाचें मूळ अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांत असून पोर्तुगीजांच्या हातून तें इकडे आलें, असें बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. "मग सीतामाई काय खात होत्या, सर?" असें त्यानें विचारलें. वाल्मीकींच्या काव्यांत कंदमुळें व फळें पुष्कळ आहेत, पण सीताफळ नाहीं.

या मताविरुद्ध पुरावाच नाहीं असें मात्र नव्हे. जनरल कनिंगहॅम यांस भारहुतच्या शिल्पांत हें फळ दिसलें. अजिंठ्यासही तें असल्याचें सांगतात. २००९ सालीं तर मिर्झापूर जिल्ह्यांतील टोकवा येथील प्राचीन थरांत त्याच्या बिया मिळाल्याचें प्रसिद्ध झालें. बियांचा पुरावा विचारार्ह आहे. दगडांतील खवलेदार फळ मात्र फणसही असूं शकेल, किंवा नुसती कलावंताची नक्षीही.

परंतु नांवांत सीता आहे म्हणून फळ रामायणकालीन, हें अनुमान टिकणारें नाहीं. बंगालींत या फळास 'आता' म्हणतात. पोर्तुगीजांचा शब्दही तोच, व तो मेक्सिकोंतील 'अहाते' या शब्दावरून आला, असें यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या कोशांत सांगितलें आहे. मराठी, तेलुगू व कन्नड या तिन्ही भाषांनीं मात्र तें नांव न घेतां सीतेचें घेतलें. (दिल्लीकडे 'सीताफल' मागितल्यास भोपळा हातीं येतो, तो प्रकार निराळा.) असें कां व्हावें? मला याचें कारण त्या झाडाच्या स्वभावांतच दिसतें. शेळ्या त्याच्या पानांस तोंड लावीत नाहींत. मुरमाड उतारावर, पाण्यावांचून तें वाढतें. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेंही अशाच डोंगराळ मुलखांतलें. असें झाड बागेंतून निसटून एकदां रानांत शिरलें, कीं तें कोणीं आणलें हें दोन-चार पिढ्यांत लोक विसरले असावेत. दंडकारण्यांत आपोआप उगवलेलें गोड फळ मग सीतेवांचून दुसऱ्या कोणाचें असणार? त्याच्या गुळगुळीत भावंडास राम मिळाला; पुढें लक्ष्मण आणि हनुमानही या कुळांत आले.

जर्मनांनीं तरी निराळें काय केलें? एका काटेरी झाडाच्या पानांवरील पांढऱ्या रेषा त्यांस मेरीच्या दुधाच्या वाटल्या, व त्याचें नांव 'मारीएन-डिस्टेल', म्हणजे मेरीचा कांटा, असें पडलें.

विद्यार्थ्यास हें कितपत पटलें कोण जाणे. पुढच्या रविवारीं तो घरीं आला, तेव्हां त्याच्या हातांत एक जड पिशवी होती. ती माझ्या पत्नीच्या स्वाधीन करीत तो गंभीरपणें म्हणाला, "काकू, राम-आप्फेल आणले आहेत."