बासनातले भाषांतर

तळेगाव-चाकण पट्ट्यात आज जपानी कारखाने आहेत. मराठी घरांत मात्र जपानी व्हिडिओ गेम १९९०च्या दशकातच ‘कॅसेट’मधून पोहोचले होते, तेही बहुधा नकली यंत्रांवर. मूळ कंपन्यांनी दूरच्या रसिकाचा विचार फारसा केलाच नव्हता. पाश्चात्त्य रसिकांचा अनुभवही काही बाबतींत असाच आहे.

जाहिरात-लेखक शिगेसातो इतोई यांचा ‘मदर’ हा खेळ निन्टेंडोने १९८९ साली जपानमध्ये आणला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९९० मध्ये तयार होते. पण ते बासनात राहिले आणि अधिकृतपणे बाहेर आले २०१५ साली. ‘मदर ३’ (२००६)चे इंग्रजी भाषांतर २००८ मध्ये चाहत्यांनीच केले. निन्टेंडोचे अधिकृत भाषांतर अद्याप नाही.

दुर्मिळ पुस्तक निदान ग्रंथालयात सापडते. खेळाला चालू यंत्र लागते, शिवाय मालकाची अनुमती. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’च्या २०२३च्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नव्हते. कंपनी जुन्या कृतीकडे माल म्हणून पाहते आणि मागणीची वाट पाहते. तोवर ती कृती जिवंत ठेवण्याचे काम अनधिकृत भाषांतरकार करतात. वाङ्मयेतिहासात त्यांची नोंद केवळ चोर म्हणून करता येणार नाही.