शेरेबुकातील शेरा आणि बेल्लारीच्या तेवीस मराठी शाळा

खेड्यातील प्राथमिक शाळेचे शेरेबुक हा आपल्या प्रशासनातील सर्वांत उपेक्षित अभिलेख होय. अधिकारी येतो, पटसंख्या पाहतो, दोन मुलांना पाढे विचारतो आणि ‘शाळा पाहून समाधान वाटले’ असे लिहून सही करतो. अशा शेऱ्यावरून अधिकारी आला होता एवढेच सिद्ध होते. शाळेविषयी काहीही कळत नाही.

१८५४ च्या शैक्षणिक खलित्यानंतर प्रांतोप्रांती शिक्षणखाती स्थापन झाली आणि तपासनिसांच्या भेटी नियमित होऊ लागल्या. परंतु सरकारी अधिकाऱ्याने गावच्या शाळेची दखल कशी घ्यावी, याचा एक उत्तम नमुना त्याच्या तीस वर्षे आधी मद्रास इलाख्यात तयार झाला होता.

गव्हर्नर सर थॉमस मनरो यांनी २५ जून १८२२ रोजी टिपण लिहून सर्व कलेक्टरांकडून शाळांची माहिती मागविली. शाळा किती, विद्यार्थी किती व कोणत्या जातींचे, पुस्तके कोणती, शिक्षण किती वर्षे, शुल्क किती आणि सरकारी नेमणूक आहे काय, असे साधे प्रश्न होते. कानडा जिल्ह्याच्या कलेक्टराने, तक्ता भरण्यात वेळ व्यर्थ जाईल अशा आशयाचे उत्तर पाठवून तो कोराच ठेवला. अनेकांनी केवळ आकडे भरले.

बेल्लारीचे कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल यांनी मात्र १७ ऑगस्ट १८२३ रोजी सविस्तर अहवाल पाठविला. जिल्ह्यात ५३३ शाळा व ६,६४१ विद्यार्थी होते. त्यांत मुली अवघ्या ६०. मनरोंच्या प्रश्नांत भाषेचा स्पष्ट उल्लेख नसतानाही त्यांनी शाळांची भाषावार विभागणी दिली: कानडी २३५, तेलुगू २२६, फारसी २१ आणि मराठी २३. बेल्लारी १९५३ साली म्हैसूर राज्यात गेली. पण तेथील या तेवीस शाळांची नोंद त्या अहवालामुळे टिकून राहिली.

शाळेचा दिवस कसा सुरू होई, हेही त्यांत आहे. सर्वप्रथम येणाऱ्या मुलाच्या तळहातावर ‘सरस्वती’ असे लिहीत, दुसऱ्याच्या हातावर शून्य. तिसऱ्यास एक हलकी छडी, चौथ्यास दोन. वरच्या मुलांनी खालच्यांस शिकविण्याच्या रीतीची कॅम्पबेल यांनी प्रशंसा केली. मद्रासच्या एग्मोर येथील लष्करी अनाथालयात १७८९ पासून काम करणाऱ्या डॉ. अँड्र्यू बेल यांनी हीच रीत इंग्लंडात नेली आणि ती तेथे ‘मद्रास पद्धत’ म्हणून रूढ झाली. दोषही लपविलेले नाहीत: मुले अर्थ न कळता पद्ये घोकतात, असे त्यांनी स्पष्ट नोंदविले.

सर्वांत मोलाचा भाग कारणमीमांसेचा आहे. शिक्षणाच्या ऱ्हासाचे कारण देशाचे वाढते दारिद्र्य हे आहे, आणि पूर्वी विद्येस मिळणारा राजाश्रय आता उरलेला नाही, असे कंपनीच्याच नोकराने कंपनी सरकारास लेखी कळविले.

मनरोंनी १० मार्च १८२६ च्या टिपणात सर्व माहिती एकत्र केली: सुमारे १ कोटी २८ लक्ष लोकसंख्येस १२,४९८ शाळा व १,८८,६५० विद्यार्थी. म्हणजे दर हजार लोकांमागे ढोबळमानाने एक शाळा. त्यांनी जिल्हा व तहसील पातळीवरील शाळांची योजना मांडली. पण जुलै १८२७ मध्ये ते निवर्तले. धरमपाल यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे हे कागद पुन्हा चर्चेत आले.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकास यातील आकडे मोहवितात. प्रशासकाने मात्र कॅम्पबेल यांची रीत ध्यानात घ्यावी. त्यांनी पाहिलेले आणि त्यावरून केलेले अनुमान वेगळे ठेवले, विचारले त्याहून थोडे अधिक सांगितले आणि वरिष्ठांना न रुचणारे कारण गाळले नाही. शेरेबुकात सही करण्यापूर्वी अधिकाऱ्याने मागील शेरा वाचावा, त्यातील त्रुटी दूर झाली की नाही ते लिहावे, आणि झाली नसल्यास कोणामुळे, हेही लिहावे. मग ते कारण आपल्याच कार्यालयापर्यंत येऊन पोहोचले तरी चालेल.