अ‍ॅट्रॉसिटीचा खटला : जामिनाच्या वेळी पीडिताचा हक्क

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंधक) कायदा १९८९ चा. कलम ३ आपल्या वस्तीत अनेकांना तोंडपाठ असते. २०१५ च्या दुरुस्तीने आलेले आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेले कलम १५अ मात्र, आमच्या अनुभवात, कार्यकर्त्यांनीही फारसे वाचलेले नसते.

आरोपी जामीन मागतो तेव्हा पीडिताला किंवा त्याच्या आश्रितांना सुनावणीची वेळेवर सूचना मिळाली पाहिजे. ती देण्याची जबाबदारी विशेष सरकारी वकिलाची किंवा राज्य सरकारची. जामीन, दोषमुक्ती, पॅरोल, शिक्षा या प्रत्येक टप्प्यावर पीडिताला आपले म्हणणे मांडता येते. ही निव्वळ औपचारिकता नव्हे. राजस्थानातील एका खून खटल्यात उच्च न्यायालयाने अशी नोटीस न देताच जामीन दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये नोटीस बंधनकारक ठरवून तो रद्द केला.

साक्षीला येण्याजाण्याचा खर्च, पोलीस संरक्षण आणि सामाजिक कार्यकर्त्याची किंवा वकिलाची मदत हेही याच कलमात आहे. नोटीस न मिळता जामीन झाला असेल, तर निकालाची प्रत काढून वकिलाला आधी हाच मुद्दा दाखवावा.