टेंभुर्णीचा कारभार: सफाईपासून घरकुलापर्यंत

माढा तालुक्यातील टेंभुर्णी पुणे–सोलापूर महामार्गावर आहे. अशा गावांच्या कारभाराला इंग्रजी अमलात सुरुवात झाली ती आरोग्यापासून. मुंबई इलाख्याचा 1889 चा ग्रामसफाई कायदा पाणी आणि स्वच्छतेपुरताच होता. 1920 आणि 1933 च्या कायद्यांनी पंचायतींना आकार दिला, तर आजची चौकट 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाची आहे.

खरा प्रश्न नेहमी पैशाचा राहिला. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर आणि बाजाराची फी हे पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न. त्याची वसुली थकली की गटारे आणि मोकळ्या जागा आधी मागे पडतात. स्वउत्पन्नातील 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्चावे लागतात, आणि ही तरतूद काटेकोर पाळणे अत्यंत गरजेचे आहे.

कारभार कोण करतो, हेही बदलले. 1993 मध्ये 73 वी घटनादुरुस्ती अमलात आल्यावर पंचायतींत महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. राज्याने 2011 मध्ये हे प्रमाण निम्म्यापर्यंत वाढवले. 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलांची लाभार्थी यादी ग्रामसभेपुढे येते. त्यामुळे घर कुणाला, हा निर्णय गावासमोर उघडपणे तपासला जाऊ शकतो.