आधी कोणाला, नंतर कोणाला?

खेरडीसह साऱ्या नगरहवेलीचा कारभार 1954 पर्यंत ज्या दमणहून चालत असे, त्या दमणात 1897 साली प्लेगची भीषण साथ आली आणि वाल्देमार हाफकिन यांची नवी लस मुंबईहून तेथे पोहोचली. ती टोचून घेतलेल्या 2197 जणांपैकी 36 दगावले. न टोचलेल्या 6033 जणांत मृत्यू झाले 1482.

इतका फरक पाहून शंका मावळावी. पण टोचणी ऐन साथीत, आठवडेच्या आठवडे चालू होती. जो साथीच्या आरंभीच गेला, त्याला टोचून घेण्याची संधीच नव्हती. सरळ बेरजेत मात्र तो ‘न टोचलेल्यां’तच मोडतो. शिवाय टोचून घेण्यास आपणहून पुढे येणारा मनुष्य आणि न येणारा मनुष्य सारख्याच परिस्थितीतले असतील, असे कोणी म्हणावे? लस गुणकारी होती खरी. ती किती गुणकारी, हे दमणचे आकडे सांगू शकत नाहीत.

फेब्रुवारी 1898 मध्ये बडोदे संस्थानातील उंडेरा गावी हाफकिन यांनी हा दोष टाळला. प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस देण्यात आली, निम्म्यांना नाही. पुढे प्लेग शिरलेल्या 28 घरांत टोचलेले होते 71. त्यांतले 3 दगावले. न टोचलेले होते 64. त्यांतले 26 गेले. तुलना निर्मळ झाली, पण एकाच चुलीवर जेवणाऱ्यांची अशी वाटणी आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे.

यावरचा एक तोडगा गांबियात 1986 ते 1990 या काळात वापरला गेला. यकृताच्या कर्करोगास कारण होणाऱ्या कावीळ-ब विरुद्धची लस देशभर एकदम सुरू करणे शक्य नव्हते. म्हणून 17 लसीकरण पथकांच्या टापूंत ती सुमारे अडीच-तीन महिन्यांच्या अंतराने, एकामागून एक सुरू झाली. क्रम दैवाधीन ठेवला होता. अधिकाऱ्याने आपल्या मर्जीने अधिक पीडित गाव आधी निवडले, तर दमणचाच घोटाळा पुन्हा होतो. तुलनाही एकाच गावाच्या ‘आधी’ आणि ‘नंतर’ची करून भागत नाही, कारण साथ ऋतुमानानुसार आपणही ओसरते, त्याच तारखेला लस मिळालेले आणि न मिळालेले टापू शेजारी ठेवून पाहावे लागतात.

अर्थात उशिराच्या टापूंत जी बालके पाळी येण्याआधीच जन्मली, ती लशीवाचून राहिली. मात्र सर्वांना पुरेल एवढी सोय नव्हतीच. शिवाय हा कर्करोग उमटायला दशके लागतात. प्लेगाला आठवडे पुरतात; उंडेऱ्यात पाळी लावली असती, तर मागे राहिलेल्यांपैकी कित्येकांची पाळी आलीच नसती.